वाढलेली लोकर

बाळाबाईंनी ट्रंकेतून निळा गुंडा काढला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला. हा इथे कसा? निळी लोकर गेल्या दिवाळीलाच संपली होती. सुनेच्या स्वेटरला शेवटी जरा गडद निळी जोडून वेळ मारून न्यावी लागली होती.

लोकर कमी झाली असती, तर त्यांनी शेजारच्या शालूबाईवर आळ घेतला असता आणि मोकळ्या झाल्या असत्या. पण वाढलेल्या लोकरीचा आळ घ्यायचा कुणावर? ही ट्रंक यजमानांनी, अण्णांनी, शिरोलीच्या कारखान्यात असताना दर बोनसला थोडी थोडी लोकर आणून भरली होती. ते गेल्यावर बाळाबाईंनी घरात सांगून टाकलं होतं, यातूनच दिवाळीच्या भेटी विणायच्या, नवी लोकर आणायची नाही. संपली की सुयाही ठेवून द्यायच्या. त्या सुयांवरच आपण दिवस ढकलतोय, हे मात्र त्या कुणाला बोलल्या नव्हत्या.

"वर्षा, माझ्या ट्रंकेला कुणी हात लावलता?"

स्वयंपाकघरात चकल्या पाडणाऱ्या सुनेने, वर्षाराणीने, मान वर केली नाही.

"न्हाय की आत्ती. ट्रंकेत कोण कशाला जातंय?"

बाळाबाईंना ते काही पटलं नाही. त्यांनी धागा ओढला. नवी लोकर सरळ सुटते. हा धागा नागमोडी होता, विणलेलं उसवल्यावर राहतो तसा. आणखी ओढल्यावर गाठ आली आणि गाठीपुढे रंग गडद झाला. गाठ त्यांच्याच हातची होती.

इतक्या हौसेने विणायचं आणि यांनी उसवून परत आणून टाकायचं! पिवळा, तांबडा, त्यांनी एकेक गुंडा ओढून पाहिला. ते सरळ सुटले.

"तुझा निळा स्वेटर आण गं. बघू दे."

"धुवायला टाकलाय."

"कुठल्या बादलीत?"

आत सोऱ्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. पिठाचे हात पुसत वर्षाराणी दारात आली.

"उसवला, आत्ती. दंडाला लई आवळत हुता. एकदाबी घालाय आला न्हाय."

"मग तसं बोलायचं न्हाय व्हय? कुणालातरी देऊन टाकायचा. माझ्या ट्रंकेत कशाला कोंबलास?"

वर्षाराणीने ट्रंकेकडे बोट दाखवलं.

"तळ दिसाय लागलता."

बाळाबाईंनी ट्रंकेचं झाकण लोटलं. राग होता तो होताच, पण तो काढावा कुणावर ते कळेना. तळ त्यांनाही दिसत होता. वरचे गुंडे पसरून रोज त्याच तो झाकत होत्या.

आजवर त्यांनी कुणाचं माप घेतलं नव्हतं. माप घेतलं की भेट आधीच कळते, म्हणून सगळं नजरेच्या अंदाजाने. त्यांनी निळा धागा हातभर सोडला.

"हिकडं ये. हात वर कर."

वर्षाराणीने हात वर केला. बाळाबाईंनी धागा तिच्या दंडाभोवती फिरवला, मग आत बोट घालून थोडा सैल केला.

"ह्यो उसवायचा न्हाय, सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली दुसरं कायतरी उसव."