ग्रँड बासाचा नकाशा, मुक्काम कोन

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. राहतो पनवेलजवळच्या कोन गावात, पण माझ्यावर पनवेल नाही. माझ्यावर आहे पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया देशाची ग्रँड बासा काउंटी. खाली अटलांटिक समुद्र, त्याला मिळणारी सेंट जॉन नदी, आत रबराचे मळे आणि खाणीतलं कच्चं लोखंड बंदरावर आणणारी रेल्वे. ते बंदर म्हणजे ब्युकॅनन, काउंटीचं मुख्य ठाणं.

तिथल्याच एका दुकानातून मला धोंडीने घेतलं. तो मालबोटीवर फिटर होता. सुट्टीत घरी आला, मला भिंतीला लावलं आणि लेकीला, किशोरीला, समजावत बसला.

"काउंटी म्हंजे आपला जिल्हा. आपला कलेक्टर, तसा यांचा सुपरिंटेंडंट. त्याला थेट राष्ट्रपती नेमतो. खाली डिस्ट्रिक्ट, ते तालुके समज. आन् आमची बोट लागते ती इथं."

ब्युकॅननभोवती त्याने पेन्सिलीने गोल केला. ते माझे मानाचे दिवस.

पुढच्याच फेरीत धोंडी तापाने गेला. त्याला बोटीवर लावणाऱ्या एजंटाचा फोन आला: लायबेरियात वारला, तिथंच पुरला. कुठल्या गावात, ते त्याने सांगितलं नाही आणि घरच्यांनी विचारलं नाही. बायकोला, गोदूला, माझ्याकडे बघवेना. तिने मला लोणच्याच्या बरण्यांखाली अंथरलं.

शेत धोंडीच्या नावावर. वारस म्हणून गोदूचं नाव लावायचं तर मृत्यूचा दाखला हवा. अर्ज भरला दिराने, रमेशने. तेव्हा घरात इंग्रजी लिहिणारा तोच. फोटोत बोटीच्या पाठीवर 'मोनरोव्हिया' दिसलं, याने ठोकून दिलं: मृत्यूचं ठिकाण मोनरोव्हिया. अरे शहाण्या, ते बोटीच्या नोंदणीचं गाव! न्हावा शेव्याला लागणाऱ्या कितीतरी बोटींच्या पाठीवर तेच असतं. मोनरोव्हिया ही लायबेरियाची राजधानी, ती तर दुसऱ्याच काउंटीत. आठ महिन्यांनी तिथून उत्तर आलं: आमच्याकडे अशी नोंद नाही. तोवर रमेशने शेत आपलंच समजून कुंपणही घातलं होतं.

तलाठी म्हणाला, "मावशी, कागदावर तुमचा नवरा जिवंत आहे."

"मंग आना त्याला. जेवायला वाढते."

एकदा बरणी फुटली. तेलात भिजलेला मी कचऱ्यात जाणार, तेवढ्यात किशोरीला पेन्सिलीचा गोल दिसला.

"आई, बाबांची बोट इथं लागायची. मोनरोव्हिया या नकाशात नायच."

गोदूने माझ्यावरचं तेल पदराने पुसलं. मग म्हणाली, "तुला आता विंग्रजी येतं, तूच लिव. काकाला नको सांगू."

या वेळी अर्ज ब्युकॅननला गेला आणि दाखला आला. तलाठ्याने चष्मा सरकवला. "काउंटी म्हणजे तालुका का जिल्हा?"

"जिल्हा," गोदू म्हणाली. "तालुके त्याच्या खाली. लिवा."

सातबाऱ्यावर गोदूचं नाव लागलं. रमेशला कुंपण काढावं लागलं.

मित्रांनो, मला काच नको, चौकट नको. हळहळही नको, ती फुकट मिळते. तुमच्या घरचं माणूस पोटासाठी जिथं जातं, त्या गावाचं नाव ते जिवंत असताना विचारून घ्या.