व्याह्यांची थट्टा

झूराकानने लिव्हर मागे ओढला आणि ट्रॅक्टरच्या कुशीतून तेलाची पिचकारी उडाली, ती थेट तिच्या डोक्याच्या पांढऱ्या रुमालावर. गवत उचलणारा लोखंडी पंजा फूटभर वर गेला होता, तो दमलेल्या बैलासारखा पुन्हा जमिनीवर बसला.

"आपा, मी म्हणालो नव्हतो?" चाकाआडून तिचा मुलगा मिर्लान बोलला. "कालच नवा पाइप घातला, आज फाटला. दोष पाइपाचा नाही. ट्रॅक्टरच मेलाय."

"मेलेला कधी पिचकाऱ्या मारतो का?" झूराकानने रुमाल सोडून झटकला. "आणखी एक पाइप आहे ना? घाल तो."

तोंडाने असं म्हणाली खरी, पण वेळ थोडाच उरला होता. उद्या अशार होता. सगळी आळी तिच्या अंगणात येऊन तिच्या गवताची गंजी रचणार होती, जशी ती आळीपाळीने प्रत्येकाची रचत असे, आणि प्रत्येकाच्या गंजीला हाच पंजा गवत चढवत असे. नवरा होता तेव्हा तो चालवायचा, आता मिर्लान. काल पंजा अर्ध्यात बसला तेव्हा झूराकान सगळ्यांदेखत रागाने बोलून गेली होती, "उद्या दुपारच्या चहापर्यंत उचलला नाही तर घाल भंगारात." आईचं एरवी एक न ऐकणाऱ्या मिर्लानने हे मात्र लगेच ऐकलं आणि भंगारवाल्याला फोन लावला. झूराकानने दिलेला शब्द आजवर गिळला नव्हता. त्यातून हा शेजारच्या तोंडाळ बुरमासमोर दिलेला, म्हणजे गिळायची सोयच नव्हती.

आणि अशा वेळी फाटकातून ओरोझाली आत आले. सुनेचे वडील. अंगात नवा कोट, डोक्यावर कल्पाक, हातात साखरेची पुडी. "वाटेतच होतं घर," म्हणाले. त्यांच्या गावाहून कुठेही जाताना हे घर वाटेत लागत नसे.

सरकारी शेतीच्या काळापासून ट्रॅक्टर उघडण्यात या माणसाचा जन्म गेला होता. पण ते व्याही होते. व्याह्याने सोयऱ्याच्या घरी चमचासुद्धा उचलायचा नसतो. मानाच्या जागी बसायचं, मेंढीचं चांगलं मटण खायचं, पोटभर स्तुती ऐकायची. कामाला लावलं तर लोक म्हणतील, मुलगी आणली आणि बापाला गडी केला. त्यांनी आपणहून हात घालावा, तर घरात पुरुष नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं. त्यातून लग्नातली गोष्ट झूराकान विसरली नव्हती. जेवणाआधी हातावर पाणी घालताना तिने ओरोझालींना हात तीनदा धुवायला लावले होते आणि भरल्या पंगतीत म्हटलं होतं, "काळेपणा काही जात नाही बाई." पंगत हसली होती. ओरोझालीही हसले होते, फक्त जेवताना त्यांनी हात बाहीत ओढून घेतले होते.

आता ते नमद्याच्या सतरंजीवर बसले होते आणि त्यांची नजर खिडकीबाहेर ट्रॅक्टरवर होती. आयचुरेकने बापाला अर्धी वाटी चहा दिला. आणखी बसा म्हणायचं असलं की अर्धीच वाटी भरतात.

ओरोझालींनी तळलेला बोर्सोक मोडला. "आमच्या गावात एक ट्रॅक्टर होता."

"असेल," झूराकान म्हणाली.

"त्याच्या पाइपावर सरळ रेघ होती. बसवणाऱ्याने नट आवळला तसा पाइपही पिळत गेला. रेघ वेणीसारखी फिरली. पिळलेला पाइप जोर आला की फाटतोच."

"मग तुमच्या गावच्या शहाण्यांनी काय केलं?"

"एक पाना नटाला, दुसरा पाइपाच्या मानेला. मान हलूच दिली नाही."

झूराकानने किटलीकडे बघत म्हटलं, "आयचुरेक, जा, नवऱ्याला ही गोष्ट सांगून ये. त्याला लहानपणापासून गोष्टी आवडतात."

थोड्या वेळाने इंजिन खोकलं. पंजा उठला, भिंतीच्याही वर गेला. झूराकानचा हात आपोआप छातीवर आला. मग पंजा थांबला आणि कुणी बघत नाही असं समजून उतरावं तसा हळूहळू खाली येऊ लागला.

"त्या ट्रॅक्टरलाही ही खोड होती," ओरोझाली म्हणाले. "लिव्हरखालच्या वॉल्व्हमधलं रबरी सील झिजलेलं. तेल आतल्या आत मागे पळायचं."

"हं. सांगा की पुढची गोष्ट."

"पुढचं सांगून होत नाही, विहीणबाई. हाताने होतं."

झूराकानने खिडकीबाहेर पाहिलं. भिंतीवर हनुवटी टेकून बुरमा सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. पुलापाशी धूळ उडाली. भंगारवाल्याचा ट्रक होता.

झूराकान उठली. कोपऱ्यातली पेटी उघडली, वरच्या रजया बाजूला केल्या आणि तळातून नवऱ्याचा निळा कामाचा डगला आणि पँट काढली. मिर्लानने दोनदा मागितली होती, तिने दिली नव्हती.

"उठा, व्याहीबुवा."

"कुठे?"

"लग्नात तुमची रीतीची थट्टा करायची राहिली. कुणी व्याह्याला बाईचा झगा घालतं, कुणी ओढ्यात ढकलतं. आमच्या घरी गड्याचे कपडे घालून ट्रॅक्टरवर चढवतात."

"ही रीत कधी ऐकली नाही."

"ऐकणार कुठून? तुमच्या गावात रीतभात आहे कुठे?"

ओरोझालींनी कोट उतरवला. घडी घालण्याआधी त्यांनी कोटाच्या खिशातून एक चपटी डबी काढून डगल्याच्या खिशात टाकायला घेतली. झाकण सैल होतं. लहानमोठी रबरी सीलं सतरंजीवर घरंगळली. झूराकानने सीलांकडे पाहिलं, मग सुनेकडे. आयचुरेक किटलीत काहीतरी शोधत होती.

"वाटेतच होतं घर," झूराकान म्हणाली, आणि दाराशी जाऊन स्वतःच हाक दिली, "बुरमा, नुसती बघतेस काय, हसायला ये. व्याह्यांची थट्टा चाललीय."

आळी जमली. डगल्याच्या बाह्या ओरोझालींच्या कोपरापर्यंतच पोचत होत्या. कुणी म्हणालं, मजुरी काय ठरली. कुणी म्हणालं, हुक्का भरून देऊ का साहेबांना. ओरोझालींनी सगळ्यांना वाकून मुजरा केला, आणखी हशा पिकला, आणि त्या हशात त्यांनी पंजा पुरता जमिनीला टेकवला, इंजिन बंद केलं, लिव्हर पुढेमागे हलवून उरलेला जोर काढून टाकला. मग ते वाकले आणि त्यांना कुणाचंच काही ऐकू येईनासं झालं. मिर्लान पाने देत होता. जुनं सील बाहेर आलं तेव्हा त्याची एक कड चंद्रकोरीसारखी खाल्लेली होती.

नवं सील बसल्यावर पंजाने गवताचा भारा उचलला. वर नेला. थांबला.

"खाली कुणी उभं राहू नका," ओरोझाली म्हणाले. "चहा होईपर्यंत असाच राहू दे."

अंगणातच चहा झाला. सगळे वाटी तोंडाला लावून वर बघत होते, अगदी बुरमासुद्धा. भारा जागचा हलला नाही. तेवढ्यात भंगारवाला फाटकात आला. झूराकानने त्याच्यासाठी स्वतः चहा ओतला, काठोकाठ. त्याने वाटीकडे बघितलं, वर पंजाकडे बघितलं, उभ्याउभ्या चहा संपवला आणि बरं आहे म्हणून गेला.

"मी दुपारच्या चहापर्यंत म्हणाले होते," झूराकान मुलाला म्हणाली. "हाच तो चहा."

मटण शिजलं. ओरोझाली पुन्हा कोट घालून मानाच्या जागी बसले. निळा डगला आयचुरेक पेटीत ठेवायला निघाली, तर झूराकानने तो दाराजवळच्या खुंटीला लावायला सांगितला.

मग सून सुरई घेऊन आली आणि बापाच्या हातावर पाणी धरलं. घंगाळात काळं पाणी पडलं. रेघांमधलं, नखांतलं काळं तसंच राहिलं. आयचुरेकने सासूकडे न बघता दुसऱ्यांदा सुरई वाकवली. ओरोझालींनीही हात पुढेच धरले होते.

"पुरे," झूराकान म्हणाली.

"आपा, अजून—"

"मला डोळे आहेत. झाले स्वच्छ."

तिने खांद्यावरचा भरतकामाचा पांढरा टॉवेल काढून त्यांच्या हातात दिला. ओरोझालींनी कडेच्या दोन बोटं जागेवर हात टिपले.

"कड काय टिपता," झूराकान म्हणाली. "नीट पुसा."