टीचरकडं हळू मारायचा

वळ गावातल्या गोडाऊनांमागच्या मोकळ्या प्लॉटवर धम्मदिना परत आली, तेव्हा पोरांनी तिच्याभोवती गलका केला. मग एकेकाची नजर तिच्या पोटाकडे गेली आणि सगळी मागं सरकली. आयांनी घरी सांगितलं होतं, टीचर आजारी होत्या. बस, एवढंच. सातव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं, हे एवढ्याशा पोरांना कोण सांगणार? मोठ्यांना तरी कुठं बोलता येत होतं! सासरमाहेरची सगळी ‘झालं ते झालं’ म्हणून मोकळी. नवरा राकेश तेवढंही म्हणत नव्हता. ड्युटीवरून यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

तिला रडू आलं नव्हतं. भूक लागत नव्हती, रागही येत नव्हता. मनाशी एकच ठरवलं होतं: आज पोरं नेहमीसारखी खेळली तर उद्या यायचं. नाहीतर हे फुटबॉल शिकवणं कायमचं बंद, घरी बसायचं.

“टाच खाली, घोटा घट्ट,” दोन प्लास्टिकच्या कोनांमध्ये उभी राहत ती म्हणाली. “दुसरा पाय बॉलच्या बाजूला. पायाच्या आतल्या अंगानं मारा. माझ्याकडे.”

बकुळा पुढं आली. पणजीचं नाव मिरवणारी, सगळ्यांत दांडगी पोर. तिचा पाय लागला की बॉल थेट कंटेनरखाली. पण आज बाईसाहेबांनी बॉलला नुसतं गोंजारलं. तो निम्म्या वाटेत थांबला. तिच्यामागच्यानंही तेच केलं. त्याच्यामागच्यानंही.

“अरे, जेवून आलात ना? मारा की!”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली, आणि मग धम्मदिनाच्या ध्यानात आलं. हा कायदा ठमाबाईचा! बकुळाची ही आजी रोज कडेला बसायची आणि टीचरला दिवस गेल्याचं कळल्यापासून ओरडायची, “टीचरकडं हळू मारायचा रं! पोटाला लागला तर तंगडी मोडीन एकेकाची!” साधा पास शिकवता शिकवता घसा बसतो, पण हा धडा पोरांना एका दिवसात पाठ. तो मागं घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ठमाबाई आजही होती, पण तोंडाला पदर लावून.

धम्मदिना पोरांसमोर उकिडवी बसली.

“पोटात बाळ नाही आता.”

“कुठं गेलं?” बकुळानं विचारलं.

“मेलं.”

हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. तिला काहीच झालं नाही. कुणाला पत्ता सांगावा तसा सांगून टाकला. तिकडे ठमाबाई मात्र हमसून रडायला लागली.

बकुळानं जरा विचार केला. “मग आता जोरात मारू?”

“मार.”

“लागंल तुमाला.”

“लागू दे गं बाई. मार.”

बकुळा मागं सरकली, धावत आली आणि तिनं अशी काही लाथ हाणली की बॉल सरळ पोटावर आला. असले बॉल धम्मदिना एरवी गप्पा मारता मारता अडवायची. आजही हात आपोआप उठले, पण बॉलकडे गेलेच नाहीत. ते पोटावर गेले, एकावर एक, आणि ती कमरेत वाकून वळली. बॉल कोपराला घासून कोनांमधून निघून गेला.

“गोल!” पोरांनी एकच कल्ला केला, अगदी नेहमीसारखा. सगळी नाचली, एकमेकांच्या अंगावर पडली, बॉलमागं पळाली.

धम्मदिना वाकलेलीच राहिली. हात पोटावरून निघेनात.

बकुळा जवळ आली. “टीचर, पोटाला न्हाय ना लागला?”

“नाही,” धम्मदिना म्हणाली. “वाचलं.”

आणि आपण काय बोललो ते कळल्यावर तिला रडू फुटलं.