चार जवळचे राऊंड

जज्जबाईंचं पोटापाण्याचं काम डोळे तपासण्याचं. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, तेवीस वर्षं त्या लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होत्या. बॉक्सिंगचं जज्जपण सुट्टीच्या दिवसाचं. त्यांचे वडील बॉक्सिंग शिकवायचे, आणि पाच भावंडांत रिंगच्या कडेला तासन्‌तास बसून राहणारी ही एकटीच. लग्नानंतर सासूबाईंनी सुनेला छंद काय म्हणून विचारलं, तेव्हा नवऱ्याने सांगितलं होतं, "दुसऱ्यांची भांडणं मोजते." ती गंमत घरात अजून चालायची.

जज्जपणाच्या एकोणीस वर्षांत कुणी त्यांना पैशाचं पाकीट दिलं नव्हतं. अमुक एकाला जिंकवा, असंही कुणी कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजही नव्हती. सामने भरवायचा तो शेठ. हॉल त्याचा, टीव्हीवाल्यांशी करार त्याचा. जज्जांचं मानधन बॉक्सिंग मंडळाच्या हातून यायचं, पण मंडळाला ते शेठकडूनच मिळायचं. जज्ज कोण बसणार ही यादी मंडळ करायचं आणि शेठला दाखवायचं. एखाद्या नावावर त्याने नुसतं बोट ठेवलं तरी पुरे. आठ वर्षांपूर्वी जज्जबाईंनी शेठच्या एका बॉक्सरला गुणांवर हरवलं होतं. निकाल इतका स्वच्छ होता की शेठनेही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर चौदा महिने बाईंना फोन आला नाही. कुणी रागावलं नाही, कुणी कारण सांगितलं नाही. पंधराव्या महिन्यात फोन आला आणि बाई जाऊन बसल्या. मधल्या काळाबद्दल त्यांनीही तोंडातून ब्र काढला नाही.

तो सामना रविवारी दुपारी होता. गतविजेता शेठचा बॉक्सर, त्याला सगळे हिरा म्हणत. आव्हान देणारा चौतीस वर्षांचा सुतार. खरोखरच सुतार, आठवडाभर लोकांच्या स्वयंपाकघरांची कपाटं ठोकायचा आणि पहाटे धावायचा. त्याच्या कोपऱ्यात पाण्याची बादली धरायला त्याची थोरली बहीण उभी असायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेला.

आदल्या दिवशी दोन्ही बॉक्सरांची वजनं झाली. जेवणाच्या टेबलावर शेठ बाईंच्या शेजारी येऊन बसला. गुडघा कसा आहे, जिने चढवतात का, अशी चौकशी केली. मग समोरच्या टीव्हीवाल्याला म्हणाला की पुढच्या वसंतातलं मोठं मैदान पक्कं झालं, हिराच्या त्या लढतीची पोस्टरंसुद्धा छापून आली. बाईंकडे त्याने पाहिलंही नाही. त्यांना मीठ हवं होतं, ते त्याने पुढे सरकवलं. एवढंच.

सामना बारा राऊंडचा. आठ राऊंडबद्दल कुणाचं दुमत झालं नसतं: पाच सुताराचे, तीन हिराचे. उरलेले चार, म्हणजे तिसरा, सहावा, नववा आणि अकरावा, केसाच्या अंतराचे होते, ज्यांना जवळचे राऊंड म्हणतात. सुतार पुढे सरकत राहायचा, पोटात मारायचा. हिरा मागे सरकत लांबून ठोसे टाकायचा, आणि त्याचा हात हलला की लागो न लागो हॉल गरजायचा. प्रत्येक राऊंडनंतर बाईंनी कागदावर आकडा लिहिला, जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ, सही केली, तो पंचाच्या हाती दिला आणि मनातून पुसून टाकला. तशीच शिस्त असते. मागचा राऊंड पुढच्यात ओढायचा नाही.

एका जज्जाने सुताराला जिंकवलं, एकाने हिराला. तिसरा कागद बाईंचा. एकशे पंधरा विरुद्ध एकशे तेरा, हिरा.

आपल्याच आवडत्याची लोकांनी हुर्यो उडवली, इतकं ते त्यांनाही रुचलं नाही. बाईंना मात्र काहीच वाटलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, चष्मा पुसला. बाहेर जाताना बोळात सुताराची बहीण आडवी आली. तिच्या हातात रिकामी बादली होती.

"अकरावा कुणाला दिलात, बाई?"

"हिराला."

"का?"

खरं तर जज्जाने उत्तर द्यायचं नसतं. बाई म्हणाल्या, "मला तसं दिसलं."

"दिसलं ना? बरं," बहीण म्हणाली आणि बाजूला झाली.

घरी नवऱ्याने विषय काढला नाही. बसचा इंजिन-मिस्त्री म्हणून निवृत्त झालेला माणूस. यंत्र आवाज करायला लागलं की आधी गप्प राहून ऐकायचं, ही त्याची सवय. तीन दिवसांनी बाईंनीच सामन्याची रेकॉर्डिंग लावली. आवाज बंद केला, कोरा कागद घेतला आणि पुन्हा गुण दिले. आठ राऊंड तसेच आले. तिसरा आणि सहावा हिराला गेले. नववा सुताराला गेला. अकराव्याला त्या बराच वेळ थांबल्या आणि तोही सुताराला दिला. बेरीज तीच, एकशे पंधरा विरुद्ध एकशे तेरा, फक्त नावं उलटी.

नवरा मागे उभा होता. "चूक झाली का गं?" त्याने विचारलं.

"एकेक धरला तर एकही चूक नाही," त्या म्हणाल्या. "पण चारही एकाच बाजूला पडले, अहो. नाणं उडवलं असतं तरी एखादा तिकडे गेला असता."

त्यांना आठवून पाहायचं होतं की त्या रविवारी लिहिताना मैदानाची गोष्ट डोक्यात होती का. नव्हती. चौदा महिन्यांची? तीही नव्हती. मन धुंडाळलं तर हाताला काहीच लागत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना किंचित भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. दात काढण्यापूर्वी गाल बधिर करतात, तसं आतून झालं होतं. आपणच बोट लावावं आणि ते दुसऱ्याच्या गालाला लागल्यासारखं वाटावं.

तरी दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या मंडळाच्या कचेरीत गेल्या. सचिव जुने ओळखीचे. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, आणि या चारांतला एक तरी राऊंड चुकीचा म्हणून दाखवता येईल का, असं विचारलं. बाई नाही म्हणाल्या. मग सचिवांनी समजावलं की हॉलच्या गलक्यात बसलेला जज्ज आणि घरी आवाज बंद करून बसलेला जज्ज ही दोन माणसं असतात, त्यात पाप नाही. बाईंनी विचारलं की जज्जांची यादी शेठला का दाखवायची. त्यावर सचिवांनी चहा ढवळला.

"बाई, तळे राखी तो पाणी चाखी," ते म्हणाले. "त्याने हॉल घेतला नाही तर पोरं लढणार कुठे? तुमच्या अंगणात?"

बाईंनी दोन पानी निवेदन लिहून दिलं. आपले चार राऊंड, आपला दुसरा कागद, यादीची पद्धत, सगळं. सचिवांनी त्यावर शिक्का मारला, पोच दिली आणि फाईल बंद केली. निकाल बदलला नाही. पुन्हा लढत द्या म्हणून सुताराने केलेला अर्जही फेटाळला गेला.

महिन्याभराने एका मंगळवारी, दुकान उघडायच्या वेळेला, दारात ती बहीण उभी. मागे सुतार, डोक्यावर टोपी, बोटांना सरस चिकटलेला. बाईंना वाटलं भांडायला आली असेल. पण बहिणीने विचारलं, आत बसता येईल का, आणि खोलीचं दार लावून मग सांगितलं. त्याच्या डाव्या डोळ्यावर पडदा येतोय. परवा त्याने कपाटाचं दार दोन बोटं तिरकं लावलं आणि त्याला ते कळलं नाही. मंडळाच्या डॉक्टरकडे नेलं तर लढण्याचा परवाना जाईल. म्हणून इकडे.

"तुम्हाला बघता येतं असं म्हणतात," बहीण म्हणाली. टोमणा होता की नाही, कळलं नाही.

बाईंनी सुताराला खुर्चीत बसवलं, हनुवटी टेकवायला सांगितली. उजवा डोळा स्वच्छ होता. डाव्याला त्याला खालच्या ओळी अर्ध्याच दिसत होत्या. बोट कडेकडून आत आणलं, तर नाकाच्या बाजूने ते पार मध्यावर येईपर्यंत त्याला दिसलंच नाही. हे चष्म्याचं काम नव्हतं. आतला पडदा सुटत होता. आजच्या आज डोळ्यांच्या इस्पितळात जायला हवं, एक दिवस थांबलात तर डोळा जाईल, असं त्यांनी सरळ सांगितलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"त्या दिवसापासूनच," सुतार म्हणाला. त्याचा आवाज अंगाच्या मानाने फार हळू होता. "अकराव्यात. कोपऱ्याजवळ आत घुसलो, तेव्हा त्याने खालून मारला. वीज चमकल्यासारखं झालं. पुढचा राऊंड मी अंदाजानेच खेळलो." मग म्हणाला, "ताई, तो अकरावा तुम्ही बरोबर दिलात. ही ऐकत नाही. ठोसा जबरी होता. तुम्हाला दिसला, म्हणून दिलात."

बाई यंत्राच्या पलीकडे बसल्या होत्या. त्या रविवारी तो कोपरा त्यांच्या समोरच्या टोकाला होता. मध्ये पंचाची पाठ होती. रेकॉर्डिंगमध्येही पाठच होती. तो ठोसा त्यांनी पाहिलाच नव्हता. ना हॉलमध्ये, ना घरी.

"मला तो दिसला नाही," त्या म्हणाल्या.

सुताराला कळेना. "मग दिलात कशावर?"

"माहीत नाही."

बहीण भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळे मिटून घेतले आणि उघडले. सुतार हसल्यासारखं काहीतरी करत म्हणाला, "म्हणजे आंधळे आपण दोघंही." मग त्यालाच ते बोलल्याचं वाईट वाटलं असावं. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. बहीण पुढे झाली, मार कशाने लागला ते लिहू नका म्हणाली. इस्पितळातून मंडळाला कळवतील. बाईंनी सांगितलं की ते लिहावंच लागेल, नाहीतर डॉक्टर साध्या मोतीबिंदूच्या रांगेत बसवतील.

"लिहू दे, अक्का," सुतार म्हणाला. "तसंही आता कोण बोलावतंय."

दुकानाच्या मालकाला सांगून बाई त्यांच्याबरोबर गेल्या. रिक्षात तिघं दाटीवाटीने बसली. शस्त्रक्रिया त्याच संध्याकाळी झाली. डोळा राहिला, पण अर्धाच. प्रकाश कळतो, माणूस उभा आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. परवाना पंधरा दिवसांत रद्द झाला. पत्रात मंडळाने त्याच्या सेवेबद्दल आभार मानले होते. सुतार पुन्हा कपाटांच्या कामाला लागला. आता माप बहीण घेते, तो कापतो. हे बाईंना बहिणीनेच फोनवर सांगितलं. तिने फोन केला होता औषधाचे थेंब दिवसातून किती वेळा घालायचे ते विचारायला. बाईंनी ते सांगितलं. मग बहीण म्हणाली, ठेवते.

निवेदनामुळे आता आपलं नाव कायमचं कटलं, असं बाई धरून चालल्या होत्या. पाण्यात राहून माशाशी वैर केलं होतं. पण हिवाळा सरता सरता सचिवांचा फोन आला. मोठ्या मैदानावरच्या लढतीला जज्ज हवेत, आणि बाईंचं नाव शेठने स्वतः सुचवलंय.

"निवेदन वाचलं का त्यांनी?" बाईंनी विचारलं.

"वाचलं ना. म्हणाले, इतकी प्रामाणिक बाई जज्जांत असली की कुणाला बोलायला जागा राहत नाही."

बाई दुकानात उभ्या होत्या. समोर एक आजोबा नवी फ्रेम लावून आरशात स्वतःला डावीकडून, उजवीकडून पाहत होते. आपल्याला राग यायला हवा, हे बाईंना समजत होतं. हिशेबाने तो यायचाच होता. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग म्हणाल्या, "त्या दिवशी दुकान उघडं असतं. मला जमायचं नाही."

सचिवांनी आग्रह केला नाही. पुढच्या कुठल्या सामन्याचं विचारलं, तर बाई त्यालाही नाही म्हणाल्या, आणि यादीतून नाव काढून टाकायला सांगितलं. ते दोन ओळींत लिहून पाठवा, असं सचिव म्हणाले. त्यांनी दुपारीच पाठवलं.

लढत झाली त्या दिवशी त्यांनी अकरा जणांचे डोळे तपासले. एका मुलीला पहिल्यांदा चष्मा लागला, तिची आई रडली, तिला समजवावं लागलं. घरी आल्या तेव्हा नवरा टीव्ही बंद करून भाजी निवडत बसला होता. हिरा जिंकला, तो म्हणाला. पण निकालावर लोक बोलतायत, जवळचा होता म्हणे.

"किती?" बाईंनी विचारलं.

त्याने आकडे सांगितले. त्यांनी पर्स खुंटीला लावली, हातपाय धुतले, आणि त्याच्यासमोर बसून उरलेली भाजी निवडायला घेतली.