खताचं पाणी

सुनेने फडक्याची चौपदरी घडी डागावर ठेवली आणि दोन्ही तळहातांनी तिच्यावर भार दिला. घासायचं नाही, दाबायचं. कडेकडून आत यायचं, नाहीतर डाग हातपाय पसरतो. एवढं तिला सासूबाईंनी लग्न होऊन आल्या आल्या शिकवलं होतं. तिने घडी उचलून पाहिली. फडकं पांढरंच होतं. गालिच्यावरचा पिवळा डाग ताटलीएवढा, जिथल्या तिथे होता.

"गेला का?" नवऱ्याने पायात बूट घालता घालता विचारलं.

"फिकट झालाय."

"कालही फिकटच झाला होता." तो वाकला आणि नाक ओढून त्याने हवा हुंगली. "वास येतोय अजून."

"व्हिनेगरचा आहे तो."

"मी त्याच्या खालच्या वासाचं म्हणतोय." त्याने आतल्या खोलीच्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला. "आप्पांनी ते डायपरचं पाकीट उघडलं का?"

तिने मान हलवली.

"तू सांगून बघ. माझं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात. अगं, म्हातारपण आहे, ह्यात लाजायचं काय? चड्डीसारखीच चड्डी आहे. कपड्यात कोणाला कळणारही नाही. नाहीतर मग खुर्ची मागच्या खोलीत हलवू. तिथे फरशी आहे, पुसायला सोपी."

"मागच्या खोलीला खिडकी नाही."

"मग सांग ना त्यांना," तो म्हणाला आणि कामावर गेला.

ती तिथेच बसून राहिली. पुन्हा फडक्याची घडी केली, पुन्हा दाबली. हा डाग कसला आहे हे घरात फक्त तिला ठाऊक होतं.

डाग पडला त्या सकाळी खिडकीच्या कठड्यावर तिच्या कुंड्या होत्या. खाली आप्पांची खुर्ची आणि खुर्चीखाली सासूबाईंनी हौसेने घेतलेला लोकरीचा गालिचा. कुंड्या तिथे नकोत म्हणून नवऱ्याने कितीदा तरी कटकट केली होती. "एक थेंब गालिच्यावर पडला की सगळ्या गॅलरीत," असं त्याने बजावलं होतं, आणि "एक थेंब पडला तर नाव बदलीन," असं तीही तोऱ्यात बोलून गेली होती. त्या दिवशी तिने कुंड्यांना खताचं पाणी घातलं. घालता घालता स्वयंपाकघरात दूध उतू जाण्याचा वास आला आणि ती झारी अर्धवट रिकामी करून, उरलेली हातात घेऊनच धावली. परत आली तेव्हा कुंडीखालची थाळी भरून वाहिली होती. पिवळट पाणी भिंतीवरून ओघळत खाली उतरलं होतं आणि खुर्चीच्या पायांशी थबकलं होतं. आप्पा खुर्चीत मान टाकून झोपले होते.

ती पुढे होणार तेवढ्यात न्हाणीघरातून नवरा आला. त्याचा अनवाणी पाय बरोबर त्या ओल्यावर पडला. त्याने पाय उचलला, वास घेतला.

"आप्पा! अहो, काय हे?"

आप्पा दचकून जागे झाले. मुलाच्या तोंडाकडे बघितलं, मग खाली. पायजम्याची एक कड ओल्यात लोळून भिजली होती. ती त्यांनी चिमटीत धरली आणि सोडून दिली. त्यांच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

सून दारात झारी घेऊन उभी होती. तोंड उघडायला एक क्षण पुरे होता. तो तिने जाऊ दिला. नाव बदलायची वेळ येऊ नये म्हणून, एवढ्याशा कारणासाठी. मग नवरा पाठ फिरवून गेला, आप्पा भिंतीला धरून उठले आणि आता बोलणं अवघड होऊन बसलं. ती घाईघाईने गरम पाणी घेऊन आली आणि डागावर ओतलं. लोकरीवर गरम पाणी घालू नये, डाग पक्का बसतो, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण त्या दिवशी तिच्या हातांना काही आठवत नव्हतं.

त्याच दुपारी तिने कुंड्या आपणहून गॅलरीत नेल्या. कठड्यावरचे गोल ठसे घासून काढले, भिंतीवरचा ओघळ पुसला. गालिचा सोडला तर कुठे काही उरलं नाही.

आप्पांनी उभा जन्म शहरातली बस चालवली होती. आता ते खुर्चीत बसेनासे झाले. दाराजवळच्या लाकडी स्टुलावर बसायचे, आणि उठले की आधी तळहाताने स्टूल चाचपून बघायचे. कोणी बघत नाहीसं पाहून बघायचे, पण तिला दिसायचं. चहा अर्धा कप सांगायला लागले. मग तोही "नको, पित्त होतं" म्हणून परत जाऊ लागला. पाण्याचा तांब्या भरलेला तसाच. ओठांना चिरा पडल्या होत्या. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय असं ती म्हणाली, तर ते म्हणाले, "डॉक्टरांच्या घरी गालिचा नसेल."

संध्याकाळी त्यांचा जुना कंडक्टर आला. आयुष्य एका गाडीवर काढलेली ही जोडी निवृत्तीनंतर बागेतल्या एका बाकावर येऊन थांबली होती. त्याने सवयीप्रमाणे दारावरची घंटा दोनदा वाजवली.

"चला ड्रायव्हरसाहेब, डबल बेल झाली! प्रवासी खोळंबलेत."

"आज नको. गुडघा धरलाय," आप्पा स्टुलावरून म्हणाले.

"परवाही गुडघाच होता. दुसरा तरी धरू द्या त्याला आलटून पालटून."

"नको म्हटलं ना."

कंडक्टर जरा वरमला, पण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सुनेकडे वळून तो हसत म्हणाला, "तुम्हाला सांगतो सूनबाई, हा माणूस म्हणजे लोखंड. मी पाळीत दोनदा गाडीतून उतरून आडोसा गाठायचो, आणि हा शेवटच्या थांब्यापर्यंत जागचा हलायचा नाही. प्रवासी बसवून ठेवून ड्रायव्हरने जायचं नसतं म्हणायचा. आख्ख्या डेपोत ह्याला पोलादी टाकी म्हणायचे!"

आप्पांनी हळूच तोंड भिंतीकडे वळवलं. तिने चहाचा कप कंडक्टरपुढे सरकवला.

जाताना कंडक्टर जिन्याशी थांबून कुजबुजला, "रुसलाय का हो माझ्यावर? पत्त्यांत मी लबाडी केली खरी. पण ती तर मी रोजच करतो."

"नाही हो," ती म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाजी घेऊन आली तेव्हा आप्पा गालिच्यावर गुडघे टेकून बसले होते. धरलेला तो गुडघा आणि न धरलेला, दोन्ही. जवळ पाण्याचं भांडं, हातात स्वतःचा रुमाल. डाग ते जीव खाऊन घासत होते. लोकरीचे तंतू उभे राहून विस्कटले होते.

"आप्पा, घासू नका! आणि उठा आधी. हे तुमचं काम नाही."

"मग कोणाचं?" त्यांनी वर बघितलं नाही. "ज्याने सांडलं त्याने पुसायचं. डेपोत हाच नियम होता. साहेब असो की झाडूवाला."

तिने पिशवी खाली ठेवली. ती त्यांच्या समोर बसली आणि त्यांचं मनगट धरलं.

"तुम्ही नाही सांडलं. मी सांडलं."

रुमाल थांबला.

"कुंडीत खताचं पाणी जास्त झालं. थाळी भरून वाहिली, भिंतीवरून खाली आली. तुम्ही झोपला होता. तुमचा पायजमा नुसता कडेला भिजला, आप्पा. तुम्हाला काहीही झालेलं नाही. हे ओरडले तेव्हा मी दारात उभी होते आणि बोलले नाही."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांची नजर खिडकीकडे गेली. कठडा आरशासारखा स्वच्छ होता. भिंत कोरी होती.

"ओघळ दिसला असता," ते म्हणाले.

"मी पुसला."

"तोही पुसलास?" त्यांच्या फुटलेल्या ओठांवर हसू आलं. "बरं. मग बोलली का नाहीस?"

"कुंड्या बाहेर टाकतील म्हणून."

"आणि मग तूच त्या बाहेर नेल्यास."

खरं होतं ते, आणि खोट्यासारखं दिसत होतं.

"पोरी," आप्पा म्हणाले, "माझ्या ऑपरेशनच्या वेळी तू उशाशी बसून होतीस. पोटच्या लेकाला शिसारी यायची ती भांडी तू उचललीस. तू दोन रोपट्यांसाठी मला असं उघडं पाडशील होय? खोटं बोलायचं तर जरा बेताचं बोलावं."

"खोटं नाही हो. आईशपथ सांगते."

"शपथ नको घेऊस उगाच." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात ओला होता, व्हिनेगरचा वास येणारा. "तुझ्या सासूलाही जमायचं नाही खोटं बोलायला. अस्सेच डोळे भरून यायचे."

ते खुर्चीचा हात धरून उठले. तिने आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी अलगद बाजूला केला.

"आप्पा, ऐका ना. संध्याकाळी हे आले की मी ह्यांनाही सांगते. ह्यांच्यासमोर सांगते."

"अजिबात नको. बायको बापाला पाठीशी घालतेय म्हणेल, आणि तुझ्यावरच डाफरेल." ते जरा थांबले. "मी हट्टाला पेटलो होतो. वाटलं, एकदा झालं म्हणून काय झालं. पण तुझ्यावर असलं काही बोलायची पाळी आणली म्हणजे हद्द झाली. त्यापेक्षा ते पाकीट बरं."

ते आतल्या खोलीत गेले. कपाटावरून काहीतरी ओढून खाली घेतल्याचा आवाज आला. दार लागलं. मग प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला. एकदा नीट फाटलं नसावं, म्हणून पुन्हा.

ती दाराशी येऊन उभी राहिली. दारावर थाप मारायला हात उचलला, पण आत ते कपडे उतरवत असतील असं मनात आलं आणि हात तसाच राहिला. काय बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं. आणखी जे काही बोलेल ते त्यांना तिचा चांगुलपणाच वाटणार होता.

मग आप्पांनी हाक मारली. आवाज हलका करायचा त्यांचा प्रयत्न होता.

"सूनबाई, आहेस का गं तिथे? ह्याची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, काही कळत नाही बुवा."

पाकीट घरात आलं त्या दिवशीच तिने त्यावरचं चित्र बघितलं होतं. तिने कपाळ दाराच्या लाकडाला टेकवलं.

"निळी रेघ मागे, आप्पा," ती म्हणाली.