पाय जमिनीला लावायचा नाही

धाकट्या सुनेला स्वतःच्याच अंगाची किळस यायला लागली होती. पलंगाच्या पायथ्याखाली विटा, त्यामुळे पाय वर, डोकं खाली, आणि खाणं-पिणं-विधी सगळं त्याच गादीवर. सासूबाई कमरेखाली भांडं सरकवायच्या, नाक मुरडायच्या आणि वर ऐकवायच्या, "आमच्या वेळी असले लाड नव्हते." लाड म्हणे! रात्री योनीमार्गात ठेवलेली गोळी सकाळपर्यंत विरघळून मांड्यांना चिकटायची. तीही सासूबाईच पुसायच्या, खरकटं पातेलं पुसावं तशी. घास तोंडाशी नेला की आधी खोलीतला वास नाकात शिरायचा.

तरी ती मुकाट्याने सोसत होती. गेल्या खेपेला पाचव्या महिन्यातच सगळं आटोपलं होतं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला, गोळ्या दिल्या आणि पाय जमिनीला लावायचा नाही अशी ताकीद दिली. ताकीद नवऱ्याने सांगितली, कारण ती तेव्हा गुंगीत होती. बाळ पोटात टिकणार असेल तर तिची आणखीही काही सोसायची तयारी होती.

तपासणीला नवराच तिला व्हीलचेअरवरून आत न्यायचा आणि तिच्या वतीने बोलायचाही तोच. आज गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून नर्सने तिला आत नेलं आणि त्याला उशीर झाला.

"टाका छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पाय असे काड्यांसारखे का झालेत? घरात फिरत नाही का?"

"तुम्हीच नको म्हणालात ना?"

"मी? मी तर तुमच्या मिस्टरांना तेव्हाच सांगितलं, जड उचलू देऊ नका, बाकी घरात हिंडू-फिरू द्या. नुसतं पडून राहिल्याने वेळेआधीच्या कळा टळत नाहीत. उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती."

बाई शेजारच्या खोलीत पेशंट बघायला गेल्या आणि नवरा घाम पुसत आत आला.

"तू मला खोटं सांगितलंस," धाकटी म्हणाली.

तो जराही ओशाळला नाही. "तुझ्या काळजीपोटीच ना? मोकळं सोडलं असतं तर परत जिने चढत बसली असतीस."

परत. गेल्या खेपेला ती माहेरी गेली होती, दोन जिने चढून, आणि दुसऱ्या दिवशी रक्त दिसलं होतं. त्यावर त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता. ती रडायची तेव्हा पाठीवरून हात मात्र फिरवायचा.

"म्हणजे ते बाळ माझ्यामुळे गेलं?"

"आता जुनं कशाला उकरतेस?" त्याने व्हीलचेअर पुढे ओढली. "बस."

त्या गादीची, त्या भांड्याचीही कधी आली नव्हती एवढी शिसारी तिला त्याची आली. भिंतीला धरून ती उभी राहिली. तो सावरायला पुढे झाला, तशी तिने दाराकडे तोंड करून नर्सला हाक मारली.

"सिस्टर, मला जरा धरता का? यांचा हात नको."