यान सर कारखान्याला जातात

मानवजातीचा सगळा इतिहास हा प्रवासाचा इतिहास आहे, असं यान सरांनी फळ्यावर सुबक इंग्रजीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, हाताची खडूची पूड झटकली आणि ते वर्गाकडे वळले. वर्गात अकरा मुलं होती. दिवाळीच्या आधी एकोणतीस होती.

“बाकीचे कुठे आहेत?” सरांनी विचारलं.

“कारखान्याला गेले सर,” पहिल्या बाकावरचा योगेश म्हणाला.

“सर्व?”

“व्हय सर. समदे. मायबाप, बैलं, कोंबड्या, समदेच.”

सरांच्या चेहऱ्यावर दर डिसेंबरात पसरायचं तेच कौतुक पसरलं. कारखाना या शब्दाचा अर्थ त्यांनी आल्या वर्षीच शब्दकोशात पाहून ठेवला होता. जिथे वस्तू तयार होतात ती जागा. त्यांच्या हॉलंडातही शाळा मुलांना कारखाने दाखवायला नेत. एकदा चीजचा, एकदा सायकलींचा. पण संध्याकाळी परत आणत. इथली शाळा मुलांना कारखाना पाहायला पाच महिने सोडत होती, तेही कुटुंबासकट. अशी उदार शिक्षणपद्धती त्यांनी युरोपात कुठे पाहिली नव्हती.

यान सर साखऱ्याजवळच्या त्या माध्यमिक शाळेत १९९९ साली आले. त्याआधी सत्तावीस वर्षं त्यांनी एका सपाट गावात भूगोल शिकवला. डोंगर कसे तयार होतात ते शिकवलं, डोंगर नव्हता. लग्न केलं नाही. कुणी केलं असतं की नाही, हे विचारायचंही राहून गेलं. मग एका संस्थेने परदेशात शिकवायला माणसं हवीत म्हणून जाहिरात दिली आणि सर सेनगाव तालुक्यात येऊन पडले. मुख्याध्यापक गुलाबचंद राठोड त्यांची ओळख “हे आमचे लंडनचे सर” अशी करून देत. सरांनी तीनदा दुरुस्त केलं, चौथ्यांदा सोडून दिलं.

एकच अडचण होती. आपल्याकडे शाळेला दिवाळीची सुट्टी असते आणि उन्हाळ्याची. सरांना हवी होती हिवाळ्याची. त्यावर शाळेचे लिपिक भीमराज खिल्लारे यांनी बिनपगारी रजेचा तोडगा काढला. सरांना शाळेकडून पगार नव्हताच, त्यामुळे बिनपगारी रजा मंजूर करणं शाळेला अगदीच जड गेलं नाही.

पहिल्या हिवाळ्यात सर नेपाळला डोंगर बघायला गेले. नऊ दिवस धुकं होतं. दुसऱ्या हिवाळ्यात श्रीलंकेत त्यांचं पोट बिघडलं आणि समुद्र त्यांनी खोलीच्या खिडकीतून पाहिला, तोही अर्धा, कारण अर्ध्या खिडकीसमोर पाण्याची टाकी होती. तिसऱ्या हिवाळ्यात थायलंडात लाटेने त्यांची एक चप्पल नेली. दर जानेवारीत ते पारदर्शिका घेऊन परत येत. त्या दाखवायचं यंत्रही त्यांच्याकडे होतं, फक्त वीज नसे. मग मुलं रांग लावून एकेक पारदर्शिका खिडकीच्या उजेडात धरत आणि एक डोळा मिटून नेपाळचं धुकं बघत.

जूनमध्ये शाळा उघडली की सर इंग्रजीत निबंध लिहून घेत. विषय ठरलेला: ‘माझी हिवाळी सुट्टी’. नववीतल्या रीता पेमा चव्हाण हिने गेल्या साली लिहिलं होतं: “आम्ही सांगलीच्या पुढे गेलो. आम्ही झोपडीत राहिलो. तिथे नदी आहे. आम्ही सूर्याच्या आधी उठतो. माझे वडील खूप व्यस्त असतात. गोड ऊस सगळीकडे आहे.” स्पेलिंगची चूक एकही नव्हती. सरांनी दहापैकी नऊ गुण दिले आणि समासात लाल शाईने लिहिलं, “वा! किती सुंदर सहल! एक गुण कापला, कारण तू स्वतः काय केलंस ते लिहिलं नाहीस.”

या वर्षी, २००२ साली, सरांनी ब्रह्मदेशाला जायचं ठरवलं होतं. तास संपवून ते ऑफिसात आले. भीमराज रजेचा फॉर्म भरत होते.

“मला आपल्या विद्यार्थ्यांचा हेवा वाटतो,” सर म्हणाले. सरांचं मराठी शब्दकोशातून आलेलं होतं आणि वाटेत कुठे उतरलं नव्हतं. “मी तीन आठवडे प्रवास करतो. ते पाच महिने करतात.”

भीमराजांनी पेन खाली ठेवलं. “कोन प्रवास करतो सर?”

“मुले. कारखाना पाहण्यास जातात.”

भीमराजांनी आधी सर थट्टा करतात का ते पाहिलं. मग दारातून बाहेर कुणी ऐकतं का ते पाहिलं. “सर, कारखान्याला म्हंजे उसाच्या तोडीला. कारखाना कोन्या लेकरानं आतून पाह्यला असंल तर माझं नाव बदला. त्याह्यचे मायबाप ऊस तोडतात. लेकरं मोळ्या उचलतात, पानी भरतात, धाकटं भावंडं पाहतात.”

“पाच महिने?”

“कधी सहा.”

“रीता चव्हाणसुद्धा?”

“ती तर दुसरीपासून जाती.”

सर खुर्चीवर बसले. समोर महाराष्ट्राचा नकाशा होता. नकाशा जुना होता, त्यात अजून परभणी जिल्हाच होता. हिंगोलीला त्याने मान्यता दिली नव्हती.

“मी तिला लाल शाईने ‘किती सुंदर सहल’ असे लिहिले,” ते म्हणाले.

“मी वाचलं व्हतं,” भीमराज म्हणाले. “मले वाटलं, तुमी टोमना मारला. मनात म्हनलं, सर आता मराठी शिकले.”

रीता यंदा दहावीत होती. आजवर ती एप्रिलात परत आली की शाळा तिला वरच्या वर्गात ढकलत असे. ढकलण्याला शाळेत कुणाची ना नव्हती. पण बोर्ड थांबत नसतं. परीक्षा मार्चात होती. तिचा फॉर्म भीमराजांनीच नोव्हेंबरात भरला होता. शाळेत इंग्रजीत पास होईल असा एकच उमेदवार होता आणि तो उसात होता.

सर मुख्याध्यापकांकडे गेले. गुलाबचंद राठोडांनी सगळं ऐकून घेतलं.

“सर, हे दरसालचं हाय. तुमी काहून मनाला लावून घेऊन राहिले?”

“कारण ती उत्तीर्ण होईल.”

“व्हईल ना. मला म्हाईत न्हाई का?” राठोड सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले. “मी बी तिच्याच तांड्याचा. सात वर्सं गेलोय कारखान्याला. मला मामानं ठेवून घेतलं म्हनून मी हितं खुर्चीत बसलो. तिला मामा न्हाई. आना तिला, मी न्हाई म्हनत न्हाई. पन आनून ठेवायचं कुठं अन् तिथलं तिचं काम कोन करील, ते बी ठरवून या.”

सरांनी ब्रह्मदेशाचं तिकीट रद्द केलं. रजेच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात भीमराजांनी लिहिलं, ‘कारखान्याला जाणे’, आणि त्याच कारणाने स्वतःचीही आठ दिवसांची किरकोळ रजा मांडली.

हिंगोलीहून एसटी, परभणीहून रेल्वे, सांगलीहून पुन्हा एसटी, मग उसाच्या रिकाम्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी. गोरा माणूस बघून जो तो विचारी, “कहाँ से?” आणि सर सांगत, “हिंगोली.” यावर पुढे कुणी काही विचारत नसे. वाटेत भीमराजांनी त्यांना तिथली पद्धत समजावली.

“तिथं मानसं मोजत न्हाईत सर. कोयते मोजतात. नवराबायको मिळून एक कोयता.”

“आणि मी? मी अविवाहित आहे.”

“तुमी अर्धा कोयता.”

सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ते पोचले. तोडलेल्या उसाच्या रानात पाचटाच्या तीस-चाळीस कोप्या उभ्या होत्या, माणूस वाकून आत शिरेल एवढ्या. रीता एका कोपीसमोर चुलीशी बसली होती. तिच्या काखेत चार महिन्यांचं लेकरू होतं, तिचा भाऊ. सरांना बघून ती उठली आणि शाळेत उठतात तशी सरळ उभी राहिली. लेकरू काखेत तसंच.

“गुड मॉर्निंग सर,” ती म्हणाली.

तेवढ्यात शेजारच्या उसाच्या फडातून तिचा बाप पेमा कोयत्यासकट पळत आला. त्याच्या मागे त्याची बायको रूपाबाई.

“सर, तुमी? हितं? काय झालं? पोरगी नापास झाली का?”

“नमस्कार,” यान सर म्हणाले. हे भाषण त्यांनी रेल्वेत पाठ केलं होतं. “मी आपल्या कन्येच्या शिक्षणाविषयी आपल्याशी विचारविनिमय करण्यास आलो आहे.”

रूपाबाईंनी भीमराजांकडे पाहिलं. “हे काय बोलून राह्यले भाऊ, रेडिओवानी?”

“पोरीला परीक्षेला न्यावं म्हनतात.”

“मंग तसं म्हना की.” त्यांनी पदराने मानेवरची पाचटाची कुसळं झाडली. “पोरगी हुशार हाय, मला ठाव हाय. मी तिची माय हाय. पन तिला न्हेलं तर ह्या लेकराला कोन धरील? मी फडात गेले अन् हे कोपीत एकटं पडलं, तर कुत्रं बी येतं हितं. धरंल का कोन? ह्यो बाप धरंल? मंग आमचा कोयताच मोडला.”

“खरं हाय सर,” पेमा खाली मान घालून म्हणाला. “आमी काय वैरी न्हाई तिचे.”

सरांनी एक क्षण विचार केला. सत्तावीस वर्षं डोंगर न बघता डोंगर शिकवलेल्या माणसाला धाडस एकदाच सुचतं आणि त्या वेळी ते तपासून बघायची सवय नसते.

“मी धरीन,” ते म्हणाले.

“काय?”

“बाळास. या वेळी मी पाच आठवड्यांची रजा घेतली आहे. रीता येथेच अभ्यास करेल. मी तिला शिकवीन आणि बाळास धरीन. फेब्रुवारीत पुढचे पाहू.”

कोप्यांभोवती जमलेल्या बायका खदखदून हसल्या. एक म्हणाली, “रूपाबाई, आया आली गं तुला, गोरी!” पण रूपाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सरांच्या हातांकडे पाहिलं. गाय विकत घेताना पाहतात तसं पाहिलं.

“मुतंल अंगावर.”

“ठीक आहे.”

रूपाबाईंनी रीताला त्यांच्या गोरमाटी बोलीत काहीतरी सांगितलं. रीताने लेकरू सरांच्या हातात दिलं. ते रडलं नाही. त्याने सरांच्या लाल नाकाकडे पाहिलं, मग सरांच्या चष्म्याकडे, आणि दोन्ही त्याला पटलं असावं. सर पाचटाच्या भाऱ्यावर बसले. भीमराजांनी पिशवीतून भूगोलाचं, इंग्रजीचं आणि बीजगणिताचं पुस्तक काढलं. रीताने हात धुतले, ओढणीला पुसले, इंग्रजीचं पुस्तक घेऊन ती कोपीच्या सावलीत बसली आणि मोठ्याने वाचू लागली. तिचा उच्चार सरांसारखाच होता, म्हणजे थोडा डच.

यान सरांनी आजवर नेपाळ, श्रीलंका आणि थायलंड पाहिलं होतं. असं आल्याचं सार्थक त्यांना कुठेच वाटलं नव्हतं. ते हळू आवाजात भीमराजांना सांगू लागले, की एका मुलीचे हात मोकळे केले तर एक पिढी मोकळी होते. की हे इतकं सोपं होतं. की दर शिक्षकाने हिवाळ्यात फक्त एक बाळ धरलं, तर—

रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. दुपारी येणारा ट्रक सकाळीच आला होता. फडात एकदम ओरडा झाला. पेमा आणि रूपाबाई तिकडे धावले आणि मोळ्या बांधू लागले. मोळ्या पन्नासेक होत्या, ट्रकपर्यंतची वाट शेतातून होती आणि त्यांच्या शेजारचं जोडपं दोन खेपा करून आलंही होतं.

रूपाबाईंनी कमरेवर हात ठेवून कोपीकडे पाहिलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता. ज्या घरात दोन रिकामे हात कधी नव्हते, त्या घरात ते अचानक दिसले, एवढंच त्यात होतं.

“रीता! हात रिकामे हायेत ना तुझे? ये लवकर!”

रीताने वाक्य पूर्ण वाचलं. पूर्णविरामाला थांबली. पुस्तक मिटून भीमराजांच्या हातात दिलं, ओढणी पिळून डोक्यावर तिची चुंबळ केली आणि फडाकडे निघाली.

“रीता!” सर उठू लागले, पण लेकराने त्यांचा सदरा मुठीत धरला होता. “रीता, थांब! अभ्यास!”

भीमराज उठले, पुस्तक पिशवीत ठेवलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तिच्या मागे चालू लागले.

पहिली मोळी डोक्यावर घेऊन रीता कोपीसमोरून गेली. तिची मान ताठ होती, त्यामुळे तिला सरांकडे वळता आलं नाही. ती थांबली आणि समोर ट्रककडे बघत म्हणाली,

“सर, जरा त्याचं टोपरं खाली ओढा ना. कानात वारं जाऊन राह्यलं.”